खोटी पाहुणी

"जरा एवढी गादी धरता का?"

तलासरीच्या नाक्यावर एसटीतून उतरून भाविनीने अजून ओढणीही सारखी केली नव्हती, तोच हे शब्द कानावर आले. बघते तर समोर एक मोटारसायकल, तिच्यावर गुंडाळलेल्या दोन गाद्या आणि त्या गाद्यांमागून डोकावणारा एक तरुण. दोरी तुटली होती आणि वरची गादी रस्त्यावर लोळण घ्यायच्या बेतात होती. भाविनीने बॅग खांद्यावर टाकली आणि दोन्ही हातांनी गादीला मिठीच मारली. त्याने दोरी आवळून गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली, पुन्हा सुटली. त्याचं लक्ष गाठीकडे कमी आणि गादीला मिठी मारून उभ्या राहिलेल्या मुलीकडे जास्त होतं, दुसरं काय!

"कुठं जायचं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"झरीला. तिथे राहायला खोल्या मिळतात म्हणे..."

"कोणाकडे?"

"विनोद म्हणून कोणीतरी आहेत."

तो हसला. "चला मग. ही गादी तुमचीच आहे."

अशी बोलाफुलाला गाठ पडली. एक गादी पुढे टाकीवर, दुसरी दोघांच्या मध्ये, आणि मागे भाविनी. थंडीचे दिवस होते. वारा झोंबत होता आणि गादीच्या वरून तिला त्याचा फक्त उडणारा केसांचा झुपका दिसत होता. कुठून आलात, असं त्याने मान न वळवता विचारलं.

"पुण्याहून," ती म्हणाली. इतकं सहज, की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

आता खरं सांगायचं तर भाविनी झाईची. वडिलांची होडी, आई मासे सुकवणारी, आणि ही हायवेलगतच्या 'मौजनगरी'त बुकिंगच्या काउंटरवर. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, आणि आतच राहायला रिसॉर्ट. पाळणे तेच होते, पण खोल्यांचे दर प्रत्येक सुट्टीला असे चढत होते, की फोनवर दर सांगताना भाविनीचाच आवाज खाली यायचा. पलीकडचा माणूस "बरं, घरी विचारून कळवतो" म्हणायचा आणि कधीच कळवायचा नाही. ही माणसं दिवसभर मौजनगरीत खेळतात आणि रात्री झरीच्या पाड्यांवर झोपायला जातात, हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं होतं. रिसॉर्टचा दुसरा टप्पा व्हायचा होता, नवी कॉटेजेस बांधायची होती. साहेब म्हणाले, दोन दिवस पाहुणी होऊन राहून ये, लोकांना तिकडे काय आवडतं ते बघ, आपली आहेस हे मात्र सांगू नकोस. दुसऱ्या टप्प्याची सुपरवायझर तूच, असंही हळूच म्हणाले. भाविनीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये काम मिळाल्यासारखं वाटलं. आपण कोणाचं काही वाईट करतोय असं तिच्या मनातही आलं नाही.

विनोदचं घर कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं. वापीच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या. आई शुक्री स्वयंपाक बघायची, तो बाकी सगळं. भाविनीचं ताट पडवीत आलं. स्टीलचं, स्वच्छ, वर झाकण घातलेलं, जसं पाहुण्यांना देतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चिकूची टोपली होती. भाविनीने एक चिकू उचलला, अंगठ्याच्या नखाने हलकंच खरवडला, आत हिरवं दिसलं म्हणून बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. चिकूच्या वाड्यांमध्ये हुंदडत वाढलेल्या मुलीचा हात तो, त्याला कोण शिकवणार की आज तू पुण्याचा आहेस?

पाणी भरता भरता विनोद थांबला. "पुण्यात पण चिकू नखाने बघतात वाटतं?"

भाविनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाहेरचे पाहुणे दाबून बघतात," तो म्हणाला. "खरवडतात ते इकडचेच. कुठली तू?"

"झाई..." ती कशीबशी म्हणाली. आणि खरं सांगायची ती वेळ असताना दुसरंच बोलून बसली. घरी लग्नाची बोलणी चालली आहेत, मला नकोय, दोन दिवस कुठेतरी शांत राहावं म्हणून आले... डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते खोटं नव्हतं. ती घाबरली होती.

विनोदने पुढे एक शब्द विचारला नाही. आत जाऊन आईला तेवढं सांगितलं. दुपारी पडवीत ताट आलं नाही. शुक्री दारात उभी राहून म्हणाली, "आत ये गं पोरी. बाहेर काय पाहुण्यासारखी बसलीस?" चुलीजवळ पाट मांडला होता. तव्यावरून काढलेली भाकरी थेट हातावर आली. आणि निघताना भाड्याचं विचारलं, तर शुक्रीने हातच झटकला. इकडच्या पोरीकडून कसलं भाडं घ्यायचं, म्हणाली. ऑफिसने दिलेले पैसे पर्समध्ये तसेच राहिले, आणि परत जाईपर्यंत पर्स खांद्याला जड लागत राहिली.

पण त्याआधीची संध्याकाळ सांगायला हवी. तळ्याच्या बांधावर दोघं बसली होती. विनोदने विचारलं, "मौजनगरीच्या खोलीत असं असतं तरी काय, एवढं भाडं घेतात ते?"

"एसी असतो. भिंतीवर चित्र असतं... आणि गादी जाड असते." मग घाईघाईने, "असं ऐकलंय."

"आमच्या गादीला काय झालं?"

"काही नाही. ओळखीची आहे."

तो इतका मोकळा हसला, की तळ्याकाठचे बगळे उडाले. मग बोलत राहिला. आणखी दोन खोल्या काढायच्यात, आईला भांडी घासायला कोणी ठेवायचंय. गिऱ्हाईक कसं मिळतं, तेही सांगितलं. ज्यांना आतलं भाडं परवडत नाही ते गेटबाहेर येऊन उभे राहतात, आणि पाड्यावरचा पांड्या नि त्याचे रिक्षावाले दोस्त त्यांना झरीला घेऊन येतात. तीच आपली जाहिरात, म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, ती मात्र त्याच्याकडेच बघत होती. प्रेम हे असंच होतं, माणूस गिऱ्हाइकांबद्दल बोलत असतो आणि ऐकणारीला त्यातही गोड काहीतरी ऐकू येतं.

परत गेल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये भाविनी बोलायला उभी राहिली. दोन वाक्यांत आटपता आलं असतं. पण तिला आटपेना. सारवलेलं अंगण कसं पायाला गार लागतं, चुलीवरची भाकरी हातावर घेताना कशी पोळते नि तरी सोडवत नाही, आत बोलावतात तेव्हा कसं वाटतं... तिचा चेहरा उजळला होता. सगळे ऐकत राहिले. आणि माणसं तिकडे पोचतात कशी, असं साहेबांनी विचारल्यावर त्याच भरात तिने गेटवरच्या रिक्षांचंही सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या. तिने केलेल्या कौतुकानेच घात केला, पण हे तिला फार उशिरा कळलं.

त्यानंतर विनोद तिच्या सुट्टीच्या दिवशी झाईला येऊ लागला. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या मागे दोघं बसायची. कुठे काम करतेस, असं त्याने विचारलं तेव्हा 'एका ऑफिसात' म्हणून तिने वेळ मारून नेली. पुढच्या वेळी सांगू, असं ती दर वेळी ठरवायची. मग तो तिच्या केसांतली वाळू हळूच झटकायचा, आणि सांगणं राहून जायचं.

एकदा तो आला तो बातमी घेऊनच. मौजनगरीच्या गेटसमोर आता साखळी लावली होती. रिक्षांना पार हायवेपलीकडे हाकललं होतं. शनिवार असून त्याच्या दोन्ही खोल्या रिकाम्या गेल्या. "कोणीतरी इथल्याच माणसाने आत बातमी दिली," तो म्हणाला. "नाहीतर त्यांना कसं कळणार?"

"असेल," भाविनी म्हणाली.

एवढंच. घरी जाऊन तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. आरशात बघवेना. खोटं बोलण्याची एवढी लाज वाटली नव्हती, जेवढी त्या एका 'असेल'ची वाटली.

दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू झालं. नाव ठेवलं 'पाडा व्हिलेज'. शेणाने सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती, आत एसी, आणि दर ऐकून भाविनीच दचकली. मधल्या झोपडीत चूल मांडून एखाद्या बाईला भाकऱ्या थापायला बसवायचं होतं, आणि साहेबांनी गावोगावी निरोप धाडले होते.

त्या सकाळी काउंटरवर मान वर करून बघते, तर समोर विनोद, आणि शेजारी नवं लुगडं नेसलेली शुक्री. भाविनीच्या अंगावर मौजनगरीचा युनिफॉर्म, छातीवर नावाची पट्टी. विनोदने पट्टी वाचली. जणू नाव पहिल्यांदाच कळत होतं.

शुक्रीचा चेहरा मात्र फुलला. "अगं, ही तर आपली भाविनी. तू इथं असतेस?"

तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि त्यांना तर आनंदच झाला. ही सगळी कल्पना भाविनीचीच, म्हणाले, तुमच्याकडे दोन दिवस राहून तिने बारीकसारीक सगळं टिपलं, गेटवरच्या रिक्षांचा घोळसुद्धा तिच्यामुळेच मिटला. ते कौतुक करत होते, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भाविनीला होत होतं. शुक्रीला सगळं कळलं नसावं. तिने फक्त विचारलं, "म्हणजे माझीच चूल इथं मांडणार?"

विनोद वळला. आईला घेऊन गेला.

संध्याकाळी भाविनी झरीला गेली. सुपरवायझरचं पद नको, असं साहेबांना सांगून आली होती. रिक्षांना गेटवर परत येऊ द्या, असंही म्हणाली, त्यावर ते नुसते हसले होते. शुक्री अंगणात होती. भाविनीला बघून ती उठली नाही, बस म्हणाली नाही. "मी तर जाणार कामाला," एवढंच म्हणाली. "खोल्या रिकाम्या. घरी बसून काय करू?" आणि आत गेली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

विनोद रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसला होता.

"पुण्याहून आली म्हणाली तेव्हा राग नाही आला मला," तो म्हणाला. "लग्नाचं बोलली, तेही सोड. पण मी रिक्षांचं सांगितलं, आणि तू किनाऱ्यावर 'असेल' म्हणाली. मीटिंगमध्ये काय काय बोलली? सांग. सगळं."

भाविनीने सांगितलं. उभ्या उभ्या, खाली मान घालून. अंगण सांगितलं, भाकरी सांगितली, पाट सांगितला. त्याच घरात, त्याच माणसासमोर ते शब्द बोलताना प्रत्येक शब्द चोरीच्या मालासारखा बाहेर काढून ठेवावा लागत होता. शेवटी रिक्षांशी आली. तेही सांगितलं.

"पांड्याला माहीत नाही अजून," तो म्हणाला. "माझ्या तोंडून नको. उद्या तू सांग त्याला."

"सांगते. सगळ्यांना सांगते."

"शिव्या घालतील."

"घालू देत."

"आणखी काय काय दिलंस त्यांना?"

"एक नाही दिलं."

"काय?"

"तू..." आता तिला थांबणं जमेना. "खोली कोणाची, चूल कोणाची, सगळं बोलले. विनोद कसा आहे, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, साधा माणूस आहे. तू हसतोस कसा ते नाही सांगितलं. मला काही न विचारता तू गप्प राहिलास, ते नाही सांगितलं. तेवढं मला कोणाला द्यायचं नव्हतं, विनोद. तेवढं मला हवं होतं."

आत भांड्याचा आवाज थांबला. विनोद पायरीवरून जरासा सरकला, एका माणसापुरती जागा झाली. ती बसली. त्याने तिचा हात हातात घेतला, तो गार होता आणि घामेजलेला. मान वर करायचा धीर तिला अजून होत नव्हता, पण हात तिने काढून घेतला नाही.