जिनिंगमधून हरवलेली नांगरट

फोन आला तेव्हा फौजदार शिला घुगे औंढ्याच्या देवळामागं एका ओट्यावर बूट काढून बसली होती. महाशिवरात्रीची गर्दी काल ओसरली होती. दोन दिवस उभ्यानं बंदोबस्त झाला होता. आता तिला फक्त आडवं व्हायचं होतं.

"जवळा बाजारच्या बंद जिनिंगमधी चोरी झाली, मॅडम," ठाण्यातून हवालदार देविदास बोलत होता.

"बंद जिनिंगमध्ये चोरायला काय उरलंय?"

"गोधडी."

शिलानं डोळे मिटले. "गोधडीसाठी मला फोन केलास?"

"साधी न्हाई, मॅडम. त्या चित्रकारांच्या जत्रेतली हाय. परदेशातून बाई येऊन बसली. आन तिथले साहेब म्हणून राहिले, वॉचमनला आताच्या आता आत टाका."

शिलानं सुजलेले पाय पुन्हा बुटांत कोंबले.

जिनिंगचं फाटक उघडंच होतं. देविदास ठाण्यातून आधीच येऊन थांबला होता. आवारात जिथं पूर्वी कापसाचे ढीग लागायचे, त्या मोठ्या ओट्यावर उद्घाटनाची बैठक मांडली होती. पांढरीशुभ्र चादर, लोड, मागं कापडी फलक. समोर खुर्च्यांच्या रांगा. खुर्च्यांवर निरनिराळ्या देशांची तरुण पोरं-पोरी हातात चहा घेऊन गप्प बसली होती.

विष्णुपंत पुढं आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ही कलाजत्रा त्यांनीच सुरू केलेली. उजवा हात झोळीत अडकवलेला होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानंच नमस्कार केला.

"हाताला काय झालं?"

"खांदा धरलाय. महिना झाला, हात वर जात नाही. चला, आधी जागा बघा."

हॉलच्या दारालगतच्या भिंतीवर जत्रेचे फोटो लावले होते. शिला चालता चालता थबकली. पहिल्या वर्षीच्या फोटोत आठवडी बाजारातलं लिंबाचं झाड होतं आणि फांद्यांना सुतळीनं टांगलेली चित्रं. झाडाखाली एक मुलगी स्वतःच्या चित्राशेजारी उभी राहून मनापासून हसत होती. दुसऱ्या वर्षी शाळेचा वर्ग. मग ही जिनिंग. मग नागपूर-हैदराबादची पोरं. मग कोरिया, केनिया, पोलंड. फोटो मोठे होत गेले होते, चेहरे वाढत गेले होते. ती मुलगी सगळ्यांत होती, पण आता कडेला. एकात हातात ट्रे, एकात कानाला फोन, एकात नुसतीच पाठ.

"ही कोण?"

"माझी मुलगी, जाई. तिच्याशिवाय इथलं पान हलत नाही," विष्णुपंत अभिमानानं म्हणाले.

हॉलच्या मधोमध छताजवळ आडवा बांबू टांगलेला होता. बांबू रिकामा. त्याच्याखाली फरशीवर एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती पुनम, पुसेगावची. हरवलेली गोधडी तिची.

शिला तिच्यासमोर बसली. "केवढी होती?"

"आमच्या घराच्या अंगणाएवढी. गावातल्या बायांची जुनी लुगडी जोडून केलेली. वरून सगळी टाक्यांची तासं, नांगरल्यासारखी. 'नांगरट' नाव ठेवलं होतं. मायनं आन म्या दोन उन्हाळे घातले तिच्यात."

"मागची बाजू?"

"कोरी. मांजरपाट लावलेला."

"बांबूला कशी बांधली होती?"

"गोधडीलाच फिती शिवल्या होत्या. त्या ओल्या करून गाठी मारल्या. म्हटलं, निसटायला नको. तसली गाठ सोडायची म्हणजे नखं जातात, मॅडम."

भिंतीशी शिडी उभी होती. शिलानं ती सरकवली आणि गुडघे कुरकुरत असतानाही चढली. बांबू हातानं चाचपला. एकही गाठ नाही. चिंधीचा तुकडादेखील नाही.

खाली उतरून ती फाटकापाशी गेली. तिथं म्हातारा वॉचमन कोंडीबा मान खाली घालून उकिडवा बसला होता.

"रात्री फाटकावर तुम्हीच होता?"

"व्हय, मीच. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला."

"कोण काय घेऊन बाहेर गेलं?"

"कोणीच न्हाई. दिवस निघताना मंडपवाल्याचा टेम्पो आला, सामान टाकलं आन रिकामा गेला. म्या स्वतः आत डोकावून पाहिलं."

"हॉलची किल्ली?"

"ती मला कोण देते? तिघांपाशीच राहते. सर, जाईताई आन ते अपूर्व साहेब."

"मग तुमच्यावर आळ काहून?"

कोंडीबानं नाक पुसलं. "काल म्या म्हटलं, अशी वाकळ माझ्या घरी बी हाय, तिला पाहायला कोणी इमानात बसून येत न्हाई. बस, एवढंच. साहेबाला झोंबलं ते."

अपूर्व साहेब म्हणजे विष्णुपंतांचा पुतण्या. पुण्याचा. जत्रेला परदेशी पाहुणे जोडून देणारा तोच. काल दुपारी तो पोलंडच्या हान्नाबाईंना आणायला नांदेडच्या विमानतळावर गेला होता. विमान उशिरा उतरलं, म्हणून दोघं तिथंच मुक्कामाला राहिले आणि सकाळी गाडीनं आले. ड्रायव्हरनंही तेच सांगितलं.

"मी तीन वर्षं सांगतोय, ही जागा सुरक्षित नाही," अपूर्व येरझाऱ्या घालत होता. "जत्रा हैदराबादला हलवा. पण काकांचा हट्ट! आज हान्नाबाईंची संस्था इथल्यासाठी दहा वर्षांचा करार करणार होती. त्यांची अट एकच, कलाकृतीला धक्का लागता कामा नये."

"म्हणजे आता करार नाही."

"कोण करेल?"

"मग तुमचं हैदराबाद सोपं झालं."

अपूर्व थांबला. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी सगळ्यांवर घेते. कंटाळा आला तरी घेते."

तेवढ्यात त्याची नजर ओट्याकडे गेली आणि तो ओरडला, "जाई! स्टेजवर खुर्च्या सांगितल्या होत्या मी. ही बैठक कुणी घातली? हान्नाबाईंना मांडी घालता येत नाही!"

"बैठकच बरी दिसते," पलीकडून थंड उत्तर आलं.

जाई स्वयंपाकाच्या मांडवापाशी उभी होती. फोटोतलीच मुलगी, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. खांद्यानं फोन कानाशी धरलेला. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी.

"दोन मिनिटं बोलू?" शिलानं विचारलं.

"बोला. मिनिटंच आहेत माझ्याकडं."

"गोधडी शेवटची कधी पाहिली?"

"काल संध्याकाळी, हॉल बंद करताना."

"सकाळी हॉल कुणी उघडला?"

"मीच. पुनम सोबत होती. तिनंच आधी पाहिलं."

एक कोरियन मुलगा आला. त्याला गरम पाणी हवं होतं. जाईनं बादली दाखवली. आचाऱ्यानं मीठ मागितलं. तिनं न वळता सांगितलं कुठं आहे ते.

"बोटांना काय लागलं?"

"भाजी चिरताना."

"तुम्ही पण चित्रं काढायच्या ना? दाराजवळ फोटो पाहिला."

पहिल्यांदाच जाईनं शिलाकडे नीट बघितलं. "काढायचे."

"पुढच्या वर्षी बंदोबस्त आधी मागा. दोन माणसं देऊ."

"पुढच्या वर्षी," जाई म्हणाली आणि हसली. ते हसू मध्येच विझलं.

शिला ओट्याकडे गेली. पाय आता खरंच चालत नव्हते. बैठकीच्या कडेला बसून तिनं हात मागं टेकले. बैठक चांगली जाड होती. कोंडीबाकडून घेतलेल्या नंबरवर तिनं फोन लावला, मंडपवाल्या बाबूसिंगला.

"जिनिंगमध्ये गाद्या किती पाठवल्या?"

"गाद्या? एक बी न्हाई, मॅडम. खुर्च्या, चादरी आन लोड, बस."

बाबूसिंग पुढंही बरंच बोलला. शिलानं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि देविदासला म्हणाली, "सगळ्यांना बोलाव. घरच्यांना, पुनमला आणि कोंडीबालाही."

ते ओट्यापाशी जमले. शिला उठली नाही.

"चोरी झालेलीच नाही," ती म्हणाली. "फाटकातून काही बाहेर गेलं नाही. एवढी मोठी वस्तू भिंतीवरून एकट्यादुकट्यानं टाकणं शक्य नाही. म्हणजे गोधडी आवारातच आहे. आता ती काढली कशी ते बघा. घाई असणारा माणूस फिती कापतो. कापल्या असत्या, तर गाठी बांबूवरच राहिल्या असत्या. तिथं एकही नाही. कुणीतरी शिडीवर उभं राहून ओल्या, आवळलेल्या गाठी एकेक करून सोडल्या. का? तर गोधडीला इजा होऊ नये म्हणून. त्या माणसाला ती पळवायची होती, पण बिघडवायची नव्हती."

"कोंडीबा—" अपूर्वनं तोंड उघडलं.

"कोंडीबापाशी हॉलची किल्लीच नाही. आणि कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या तिघांकडे. तुम्ही रात्री नांदेडला होता. सरांचा हात खांद्याच्या वर जात नाही, ते बांबूपर्यंत पोचणार कसे?"

विष्णुपंत हळूच मुलीकडे वळले.

"स्टेजवर खुर्च्या ठरल्या होत्या," शिला पुढं म्हणाली. "आज सकाळी बैठक झाली. मंडपवाल्यानं तर एकही गादी पाठवली नाही. मग मी ही बसलेय ती कशावर? बाबूसिंग म्हणाला, त्याच्या माणसांना ताईंनी एक मोठं, जड जाजम दिलं. कोरी बाजू वर ठेवून अंथरायला सांगितलं आणि चादर ताणून घेतली. माणसांना काय माहीत? त्यांनी अंथरलं."

ती उठली. चादरीचं टोक धरून तिनं मागं ओढलं. खाली मांजरपाट होता. देविदासनं एक कोपरा उलटला, आणि लाल, हिरव्या, विटक्या जांभळ्या लुगड्यांवरून धावणारी टाक्यांची तासं उन्हात आली.

पुनमच्या तोंडून हुंदका निघाला. ती तशीच गोधडीवर पालथी पडली.

"बोटं भाजी चिरताना कापली नाहीत, जाईताई," शिला म्हणाली. "उजव्या हातानं चिरणाऱ्याची डाव्या हाताची बोटं कापतात. तुमची उजव्याची नखं गेलीत."

जाईनं नाकारलं नाही. ती जणू इतका वेळ कुणी विचारण्याची वाटच पाहत होती.

"उद्घाटन झालं, हान्नाबाई करार न करता निघाल्या, की मीच ती काढून देणार होते," ती म्हणाली. "गोधडी बसल्यानं मोडत नाही, हे मला माहीत होतं."

"पण का, जाई?" विष्णुपंत म्हणाले. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, बाबा. तिसऱ्या वर्षी सांगितलं, पाचव्या वर्षी सांगितलं. तुम्ही म्हणालात, एवढं वर्ष निभावून ने. जत्रा वाढली. पाहुणे वाढले, त्यांचे व्हिसा, त्यांचं पथ्य, त्यांची आजारपणं वाढली. माणूस मात्र मीच एकटी राहिले. आता दहा वर्षांचा करार. दहा वर्षांनी मी कोण असेन? माझा ब्रश कुठं ठेवलाय तेही मला आठवत नाही."

पुनम उठून बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज घट्ट होता. "ताई, माझी निवड झाली तेव्हा तुमीच फोन केला होता. माय रडली होती. मी सकाळपासून तिला सांगू शकले न्हाई. तुमी थकल्या, मान्य हाय. मग माझंच काम काहून?"

"कारण ते सगळ्यात चांगलं होतं," जाई म्हणाली. "ते गेलं, तरच सगळे थांबले असते."

"तक्रार मी देत न्हाई," पुनम म्हणाली. "पण आज माफ बी करत न्हाई. टांगताना तुमचा हात नको."

जाईनं मान हलवली. मग ती कोंडीबापुढं गेली आणि तिनं हात जोडले. "तुमच्यावर आळ आला आणि मी गप्प बसले."

"माझं नाव खुर्चीवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, ताई," कोंडीबा म्हणाला. "मग हे बी सगळ्यांनीच ऐकावं."

जाई ओट्यावर चढली. कोंडीबालाही कळावं म्हणून तिनं समोरच्या पोरांना मराठीतच, काहीही न लपवता सांगितलं. अपूर्व हान्नाबाईंच्या कानाशी इंग्रजीत सांगत होता, जरा गैरसमज झाला, वस्तू सापडली वगैरे. शिलाला तेवढं इंग्रजी येत होतं.

"बराबर सांगा, साहेब," ती म्हणाली. "जसं ती म्हणते तसं."

अपूर्वनं घसा साफ करून, सगळ्या पोरांनाही ऐकू जाईल असं, पुन्हा सुरुवात केली. हान्नाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि अपूर्वनं तो मराठीत सांगितला: "उद्यापासून हिचं काम कोण करणार आहे?"

हान्नाबाईंनी करार होणार की नाही हे सांगितलं नाही. त्या उठल्या आणि गोधडीचं एक टोक उचलायला पुनमपाशी गेल्या.

स्वयंपाकाच्या मांडवातून आचारी आला. विष्णुपंत सवयीनं वळले. "जाई, जेवायला किती पानं आहेत?"

जाईचं तोंड उघडलं. आकडा तिच्या ओठांवर होता, दिसत होता. तिनं तो गिळला.

"मोजून घ्या, बाबा."

विष्णुपंत क्षणभर उभे राहिले. मग झोळीतला हात सावरत, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपासून एकेक माणूस मोजू लागले.

"जबाब घ्यावा लागेल," शिला जाईला म्हणाली. "तक्रार फोनवर का होईना, आलेली आहे. चला."

जाई जीपमध्ये मागं बसली. गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना हरभरा काढणीला आला होता. शिलानं विचारायचे प्रश्न मनात जुळवले आणि मागं वळून पाहिलं.

जाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, पट्टी बांधलेला हात मांडीत.

शिलानं ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"हळू घे," ती म्हणाली. "लांबच्या रस्त्यानं घे."