काखेपर्यंतची दोरी

बाई रडत नव्हती, तिथंच सगळं बिघडलं.

लॉजच्या वरच्या खोलीत उस्ताद मरून पडलेला. कॉटवर पालथा, डोक्यात त्याच्याच लोखंडी पान्ह्याचा घाव. शेजारी खुर्चीवर त्याची बायको, एका हातात त्याचा हात. लॉजवाली मावशी टॉवेल द्यायला वर गेली, तिनं हे बघितलं आणि सगळं लॉज डोक्यावर घेतलं. बाई जागची हलली नाही.

उस्ताद म्हणजे लिफ्ट बसवणारा फिटर. आज या गावात, उद्या त्या. ताडमाड गडी. बॅगेत कपडे बेताचे, व्यायामाचं सामान जास्त: ओढायचे रबरी पट्टे, मुठीत दाबायची स्प्रिंग, उड्या मारायची दोरी. "गाव बदललं तरी अंग बदलू द्यायचं नाही," म्हणायचा.

फौजदार आला. पिकलेला माणूस. मढी बघून बघून आतून कधीच बधिर झालेला. हवालदार त्याच्या कानाशी लागला.

"साहेब, डोळ्यात टिपूस नाही. हिनंच केलंय. बेड्या आणू?"

"न रडण्याबद्दल बेड्या घालायच्या तर माझ्यापासून सुरुवात कर. गप उभा राहा."

आधी मावशीला विचारलं.

"तो जिवंत असल्याचं शेवटचं कधी कळलं?"

"आज सकाळी. माझी खोली बरोब्बर खाली. उजाडलं की ह्याची दोरी सुरू. दोरीचा सटका, पायाचा धप. सटका, धप. आज पण झालं."

"रोजच्यासारखंच?"

"आधी दोन-तीनदा अडखळला, मग लागला सुरात. आज माझ्या छताचा पंखा नाही हलला, तेवढं सुख. एरवी वाटतं, पडतोय आता डोक्यात."

"मग?"

"मग दोरी थांबली, आणि जरा वेळानं वॉशर चहाला खाली आला."

वॉशर हा उस्तादचा जोडीदार, शेजारच्या खोलीतला. जिथं बोल्ट तिथं वॉशर, म्हणून ते नाव. त्याला साइटवरून आणला. खुर्चीवर बसला, पाय अधांतरी हलत होते. रडून डोळे लाल.

"सकाळी उस्तादला बघितलंस?"

"दारातून हाक मारली साहेब. म्हणाला, तू हो पुढं, मी अंघोळ करून येतो. खाली जीप भोंगा वाजवत होती. चहा घशात ओतला आणि गेलो. तेव्हापासून चारचौघांत आहे, विचारा कुणालाही."

"तू नाही मारत उड्या?"

"मी? आयुष्यात त्या दोरीला हात लावला नाही. उलट मीच म्हणायचो, उस्ताद, मागल्या जन्मी बेडूक होतास काय."

बायको कधी आली, ते मावशीनं सांगितलं. जीप गेल्यावर बऱ्याच वेळानं, थेट बसमधून उतरून. मावशीनंच तिला जिना दाखवला होता.

डॉक्टर म्हणाला, रात्री मेला की सकाळी, छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे सगळी भिस्त दोरीवर. सकाळी दोरी वाजली, उस्ताद जिवंत होता. नंतर वर गेली ती एकटी बायको. हवालदार बेड्या खुळखुळवायला लागला.

फौजदार तिच्यासमोर बसला.

"वहिनी, ओरडला का नाहीत?"

"माहीत नाही."

"किती वेळ बसला होता?"

"माहीत नाही. हात गार पडला होता. म्हटलं, धरला तर ऊब येईल."

"आलात कशाला?"

"ह्यांनी बोलावलं. काल फोनवर म्हणाले, उद्या मालकाला एक गोष्ट सांगायचीय, काम सुटेल बहुतेक. तू ये."

"कसली गोष्ट?"

"आल्यावर सांगतो म्हणाले."

फौजदारानं बॅगेतलं सामान पुढं ठेवलं. "ह्यांचंच ना?"

तिनं पट्टे बघितले, स्प्रिंग बघितली. दोरी उचलली आणि तिचा अंगठा टोकाच्या एका मुठीखाली थांबला.

"ह्या गाठी कुणी मारल्या?"

दोन्ही मुठींखाली गाठी होत्या, एकीवर एक.

"ते नव्हते मारत?"

"दोरीवर मधोमध उभं राहायचं, मुठी काखेला लागल्या पाहिजेत. ह्यांनीच शिकवलं. त्यांना अख्खी दोरी लागायची."

"तुम्ही राहा बरं उभ्या."

बाई उंच होती. मुठी जेमतेम कमरेच्या वर आल्या. फौजदारानं हवालदाराला उभा केला, त्याच्या बरगडीशी आल्या. मावशी म्हणाली, "मला उभी कराल तर दोरी पोटालाच संपेल."

"वॉशर, ये."

"मी कशाला साहेब? मी तर—"

"ये."

मुठी बरोब्बर काखेत बसल्या. शिंप्यानं माप घ्यावं तशा.

फौजदार बोलला, भाजीचा भाव सांगावा तसा.

"नुसतं धप कुणीही करेल. पण मावशीला सटकाही ऐकू जातो, म्हणून तुला दोरी फिरवावीच लागली. लांब दोरी पायात आली, अडखळलास. गाठी मारल्यास, सूर लागला. पण पंखा हलवायला उस्तादचं वजन लागतं, ते कुठून आणणार? उड्या मारून मारून गाठी आवळल्या, खाली जीप बोंबलत होती, सुटल्या नाहीत. उस्ताद रात्रीच गेला होता. म्हणून वहिनींना हात गार लागला. आणि तुला म्हणे त्या मेलेल्यानं ओ दिली."

वॉशर दोरीवरून उतरलाच नाही. तिथंच खाली बसला.

"मागच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टच्या ब्रेकला मी एक बोल्ट लावला नाही साहेब. घाईत राहिला. उस्तादला कळलं. मी म्हटलं, चालतेय ना लिफ्ट, जाऊ दे. माझी रोजी जाईल, पुन्हा कुणी उभं करणार नाही. तर म्हणाला, त्यात लहान पोरं चढतात. झोपला, आणि माझं डोकं फिरलं."

"फोन लाव," फौजदार हवालदाराला म्हणाला. "आधी ती लिफ्ट बंद करायला सांग. बेड्या मग."

वॉशरला खाली नेला. बाई अजून दोरीकडं बघत होती. नखानं एक गाठ चाचपत होती.

"सोडू का?"

"नको वहिनी. गाठी कोर्टात दाखवाव्या लागतील."

तिनं दोरी त्याच्या हातात दिली. पर्स खांद्याला लावली. डोळे तसेच कोरडे.

"सोडल्या की पाठवून द्या," ती म्हणाली. "त्यांना आखूड दोरी चालत नाही."

फौजदार मान हलवून खिडकीकडं वळला. बराच वेळ वळलेलाच राहिला.