दर शनिवारी वाळलेली पावडर

हे घडलेलं आहे. भुतं मानणारी माणसं मला मूर्ख वाटतात. आजही.

गेल्या आयुधपूजेची संध्याकाळ. तंजावूरहून पापनाशमला जाताना पोलादाचा एक छोटा कारखाना लागतो. मी तिथं प्रयोगशाळेत होते. धाकटा भाऊ सुरेंद्र साच्यावर.

साच्यात वितळलेलं पोलाद ओतलं की त्यावर राखाडी मोल्ड पावडर पसरतात. ती वितळते, पोलादाला साच्याला चिकटू देत नाही. पण ओली असली, तर उसळते. थेट तोंडावर.

मॅनेजर रंगरावांना हे ठाऊक होतं. तरी यंत्रांवर शिंपडून उरलेलं तीर्थ त्यांनी पावडरच्या उघड्या पोत्यांत ओतलं.

"ही पोती फेका," मी म्हटलं.

"देवाच्या पाण्यानं कुणी मरतंय काय, अम्मा? कॉलेजात हेच शिकलीस?"

असला मेंदू. आणि हा मॅनेजर!

मी कोठाराला कुलूप लावलं, किल्ली घरी नेली.

सकाळी दाराशी आले, तर आतून...

खर्र... खर्र...

पत्र्यावर फावडी ओढल्यासारखं.

कुलूप काढलं. आवाज थांबला.

आत कुणीच नव्हतं.

पोती रिकामी. सगळी पावडर जमिनीवर अंथरलेल्या लोखंडी पत्र्यांवर पातळ पसरलेली... आणि गरम.

तपासली. ठणठणीत कोरडी.

सुरेंद्र हळूच म्हणाला, "अक्का, सायरामण्णा असेच वाळवायचे."

सायरामण्णा त्याच्या आधी साच्यावर होते. ओल्या पावडरनंच गेले.

"काहीतरी बरळू नकोस."

रंगराव खूश. "पाहिलंस तीर्थाचा प्रताप?"

मग दर शुक्रवारी तीर्थ. मी वाळवायला भट्टी मागितली, तर म्हणे, "आपोआप वाळतंय की!"

आणि दर शनिवारी ती वाळलेली असायची. सुरेंद्रही निर्धास्त. "अण्णा आहेत न, अक्का."

गेल्या शनिवारी पुन्हा तेच... खर्र... खर्र...

दार उघडलं.

पोती भरलेली. हात घातला... गार. लगदा.

पत्रे रिकामे. पण इतके तापलेले, की बोट टेकवेना.

सुरेंद्र त्यातलंच एक पोतं उचलून साच्याकडे चढतच होता. कॉलर धरून खाली ओढला. पोती गटारात ओतली. रंगरावांनी मला कामावरून काढलं. काढू देत. असल्या माणसाच्या हाताखाली राहण्यात कसली शान?

सुरेंद्र घरी आहे. अण्णांवर रुसलाय, वेडा.

मला एवढंच कळत नाही... पावडर तर पोत्यांतच होती.

मग त्या पत्र्यांवर काय वाळत होतं?