तेराव्या महिन्यात जन्मलेला मुलगा

"मॅडम, फॉर्मवर चहा सांडलाय. चालेल?"

मी स्क्रीनवरून मान वर केली... आणि परत खाली घालायची विसरले.

सत्त्याण्णव साल. खारीगावातल्या बुद्धविहाराशेजारच्या खोलीत आमच्या वधू-वर मंडळाचा एकुलता एक कॉम्प्युटर होता, आणि तो चालवणारी एकुलती एक मुलगी म्हणजे मी, वैजयंता. फॉर्म एक्सेलमध्ये भरायचे आणि महिनाअखेरीला फ्लॉपी दादरच्या ऑफिसात पाठवायची. तिथली नवी सिस्टीम भारी नखरेल! तारीख चुकली, रकाना रिकामा राहिला, की अख्खी ओळच नाकारायची. ते स्थळ मग यादीत येत नसे आणि चुकांचा कागद माझ्याकडे परत यायचा.

"चहा चालेल," मी म्हटलं. "वय लपवलेलं चालत नाही."

"आणि उंची?"

"ती दिसतेय मला."

तो हसला. धम्मदीप, काशीमीराच्या एका गोदामात स्टोअरकीपर. फॉर्म आईने भरलेला. मी एकटीच फॉर्म आणि स्क्रीन ताडून बघतेय हे पाहून त्याने खुर्ची ओढली. "गोदामात आम्ही असंच करतो. एक वाचतो, दुसरा तपासतो. वाचू?"

मग दर रविवारी तो वाचायचा. "शिक्षण बारावी, आवड – शिवणकाम, स्वभाव शांत..." थांबून माझ्याकडे बघायचा. "शांत मुली खरंच असतात?"

"पुढे वाचा, ओळ चुकेल," मी म्हणायची, आणि माझीच चुकायची.

त्याचा फॉर्म मात्र मी त्याला वाचायला दिलाच नाही. फ्लॉपी भरताना ती ओळ समोर आली. ही गेली की कितीतरी घरांत त्याचा पत्ता पोचणार, कुणीतरी हो म्हणणार... मी जन्ममहिन्याच्या जागी तेरा टाकलं.

ओळ नाकारली गेली. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या महिन्यात त्याची आई आली, मनोरमाबाई. "जय भीम, पोरी. सगळ्यांना पत्रं येतात गं, माझ्या दीपूला एक नाय. त्याला वाटतंय, त्याच्यातच कायतरी कमी हाय. धड जेवत पण नाय."

"बघते मी," एवढंच तोंडून निघालं. त्यांनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रविवारी मी चुकांचे तिन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले.

"तेरावा महिना?" तो हसला. "असं कसं झालं?"

"झालं नाही. मी केलं... मुद्दाम."

त्याचं हसू मावळलं. "का?"

"तुमचा पत्ता कुणाला मिळू नये म्हणून. मला तुम्ही—" लाजेने कान तापले होते.

"मला वाटत होतं, मी कुणालाच नकोय," तो हळूच म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने फॉर्म उचलला. "महिना नीट करा." मी केला. तो एकेक रकाना वाचत गेला, मी तपासत गेले. सगळं बरोबर होतं.

"आता ओळ काढून टाका."

"का...?"

"स्थळ ठरलं म्हणून." मग थोडा अडखळला. "ठरलंय ना?"

मी होकारार्थी मान डोलावली. डोळे भरले होते.

"पण आईला तू सांगायचंस. सगळं."

दुपारी मी त्यांच्या दारात उभी होते. मनोरमाबाई तांदूळ निवडत होत्या. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. त्यांचा हात सुपातच थांबला.

"तीन महिने?"

"हो."

"तीन महिने माझं पोरगं तोंड पाडून बसलं."

पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि उठून माझी हनुवटी वर केली.

"परत कधी त्याला असं वाटू देऊ नको, का तो कुणाला नको हाय."

"नाही वाटू देणार," मी म्हटलं, आणि रडत रडतच त्यांच्या डोळ्यांत बघितलं.