खिडकीतलं सागवानी फूल

फोन वाजला तेव्हा शेवंता नवऱ्याच्या बोटावर हळद दाबत होती.

"प्रवाळावर हात घासला," नागेश म्हणाला होता. शेवंता जेद्दाच्या एका इस्पितळात सव्वीस वर्षं सिस्टर होती. तिनं सुईनं नखभर तपकिरी कुसळ उपसलं, वाळूत फेकलं आणि डबीतली हळद चेपली. जखमेला आधी हळद, बाकीचं मागून. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरचं तिनं याबाबतीत ऐकलं नव्हतं.

फोनवर अफनान होती. यांबूच्या जुन्या बंदरावरचं एक तुर्की काळातलं घर ही मंडळी सकाळीच पाहून आली होती, तिथली ही गाइड.

"सिस्टर, वरच्या खिडकीतलं लाकडी फूल गेलंय. आज तुमच्याशिवाय तिथं कुणी आलेलं नाही. मी निघालेय. समुद्रावरून कुणी हलू नका. फूल मिळालं नाही तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

परक्या देशात पोलीस म्हणजे काय, हे शेवंताला सांगायला नको होतं.

सहल तिनंच आखली होती. आज यांबू, उद्या उमलुजचे किनारे, परवा अल वज्ह. बरोबर नवरा नागेश, दोन महिन्यांत निवृत्त होणारा इंजिनिअर. खेडची इस्मत, तिच्याच इस्पितळात एक्स-रे काढणारी. नवा दातांचा डॉक्टर स्वानंद. आणि गाडी चालवायला गुहागरचा गुणाजी.

गुणाजी मूळचा सुतार. व्हिसा सुताराचा, पण कफीलनं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकानं, हातात दिलं स्टिअरिंग, त्याला सात वर्षं झाली. एरवी तो गाडीतच बसायचा. आज मात्र खिडकी बघायला वर आला होता.

घर प्रवाळाच्या दगडाचं, जिन्याला छोट्या निळ्या फरश्या, खिडक्या सागवानी. लाकूड हिंदुस्थानातून गलबतांनी आलं, असं अफनाननं सांगताच नागेशनं छाती काढली. "म्हणजे आमचंच की हे!" त्याच्या घरच्या शोकेसमध्ये ताइफची फरशी, कुठल्या कुठल्या किल्ल्यांचे खडे, सगळं चिठ्ठ्या लावून मांडलेलं होतं. पाहुण्यांना ते दाखवल्याशिवाय चहा मिळत नसे.

गुणाजीनं खिडकीवरून हात फिरवून कुठली पाचर कुजलीय ते अफनानला दाखवलं. तिनं लगेच त्याचा नंबर घेतला. "आम्हाला दुरुस्तीला सुतार हवाय. साहेबांशी बोलते. कफील बदलायचंही बघू."

सात वर्षांत गुणाजी इतका हसलेला शेवंतानं पाहिला नव्हता.

"सगळ्यांच्या बॅगा बघायच्या," शेवंतानं फर्मान काढलं. आणि पहिली उघडली ती गुणाजीची. गंजी, टॉवेल, मोजायची टेप, आणि तिनंच सकाळी दिलेलं पोळ्यांचं फॉइलचं पुडकं, न उघडलेलं.

मग ड्रायव्हरच्या सीटखाली तिनं हात घातला. मऊ फडक्यात काहीतरी कठीण लागलं.

तळहाताएवढं कोरीव फूल होतं ते.

"अरे देवा!" इस्मत म्हणाली. "खिडकीपाशी सर्वांत जास्त वेळ हाच होता ना?"

"आणि आपल्या पोळ्यांच्या टोपलीतलं फडकं वापरलंय," स्वानंद म्हणाला. "कमाल आहे."

नागेश समुद्राकडे बघत होता.

"नाय वो म्याडम," गुणाजी म्हणाला. "आईशपथ, मी नाय. मला तिथं काम मिळत होता. मी कशाला माती खाईन?"

"मग हे काय चालत आलं?" शेवंताचा आवाज चढला. "इतकी वर्षं विश्वास ठेवला तुमच्यावर. लाज नाही वाटली?"

गुणाजी गाडीच्या सावलीत जाऊन बसला. इतरांच्या बॅगा कुणी उघडल्याच नाहीत.

अफनान आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं फोनवर फोटो दाखवला. फुलाच्या जागी भोक, आणि भोकात मोडून अडकलेला लाकडाचा तुकडा, आतून फिकट.

गुणाजीनं मान पुढे काढून फोटो पाहिला आणि क्षणभर स्वतःचं संकट विसरला. "असा कोण काढतो? पिळून तोडलान! मागची पाचर ठोकली का फूल आपसूक हातात येता. सोन्यासारख्या लाकडाची वाट लावलान."

शेवंतानं त्याच्याकडे पाहिलं. मग फडक्याकडे. तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, रोजच्या पोळ्यांनी तुपकट झालेलं. एका कोपऱ्याला रक्ताचा ठिपका होता. तो सकाळी नव्हता. पोळ्या तिनंच बांधल्या होत्या.

"स्वानंद, वर परत कोण कोण गेलं होतं?"

"मी फोटोला. इस्मत गॉगल विसरली म्हणून. नागेश सर वॉशरूमला."

"इस्मत, वॉशरूम कुठं होतं गं?"

"खाली. दिवाणखान्याच्या मागे." इस्मतनं नागेशकडे पाहिलं. "सर वर का गेले मग?"

"इथं पोचल्यावर गाडीपाशी कोण होतं?"

"आपण तिघं पाण्याकडे गेलो," इस्मत म्हणाली. "गुणाजीभाऊंना तुम्ही बकाल्याच्या दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवलंत. सर म्हणाले, 'तुम्ही व्हा पुढे, सामान मी काढतो.'"

तीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी रिकामी पिशवी उचलली नव्हती. अजून गप्प बसता येत होतं. फूल मिळालं होतं, अफनान गुणाजीला घेऊन गेली असती, उद्या उमलुज झालं असतं. तो विचार तिच्या मनात आला, आणि आला म्हणूनच तिला स्वतःची शिसारी आली.

"अफनान, ऐक," ती म्हणाली. "चोरी गुणाजींनी केलेली नाही. सुतारानं पाचर ठोकून फूल अख्खं काढलं असतं. हे पिळून तोडलंय, ज्याला लाकूड कळत नाही त्यानं. तोडताना त्याच्या बोटात कुसळ गेलं, रक्त आलं. ते फडक्यावर आहे. गुणाजी, हात दाखवा."

गुणाजीनं हात पुढे केले. घट्टे होते, जखम नव्हती.

"आणि हे फडकं. पोळ्यांची टोपली मागच्या सीटवर असते. आम्ही ड्रायव्हरला त्या टोपलीला हात लावू देत नाही. उचलायलासुद्धा नाही. त्यांच्या पोळ्या वेगळ्या, फॉइलमध्ये. जेवण वेगळं, कागदाच्या ताटलीत. हा नियम माझाच आहे. त्या घरापासून इथवर टोपली माझ्या मांडीशी होती आणि गुणाजी माझ्या डोळ्यांसमोर गाडी चालवत होते. इथं आल्यावर ते बकाल्यात. टोपली गाडीतून काढली फक्त एकानं."

शेवंतानं फडक्याचा रक्त लागलेला कोपरा वर धरला.

"मघाशी मी एका बोटातून कुसळ काढलं. मला सांगितलं, प्रवाळ लागलं. प्रवाळाचा कण पांढरा असतो. कुसळ तपकिरी होतं. पँट कोरडी, बूट कोरडे, पाण्यात माणूस उतरलाच नव्हता. सव्वीस वर्षं जखमा बघतेय मी, आणि नवऱ्याची म्हणून बघितली नाही." ती वळली. "नागेश, बोट दाखव."

नागेशनं हात पाठीमागे नेला. मग हळूच पुढे आणला. पिवळंधमक बोट सगळ्यांना दिसलं.

"गंमत म्हणून घेतलं गं," तो पुटपुटला. "शोकेससाठी. वाटलं, इतक्या जाळीतलं एक फूल, कुणाच्या लक्षात येणार?"

"सीटखाली का ठेवलं?"

"माझ्या बॅगेत तुला दिसलं असतं. संध्याकाळी काढून घेणार होतो. तुला फोन आला आणि..."

"आणि गुणाजी सापडला तेव्हा?"

नागेश बोटावरची हळद खरवडू लागला.

"चोरीपेक्षा ते वाईट," शेवंता म्हणाली. "अफनान, हे तुझ्याबरोबर येतील. साहेबांना स्वतः सांगतील, लिहून देतील. पोलीस आले तर येऊ देत. मीही येते."

"शेवंता, माझी निवृत्ती..."

"गुणाजीचं काय होणार होतं, त्याचा विचार केलास?"

अफनाननं फूल फडक्यासकट घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि गुणाजीकडे वळली. "हे परत बसेल?"

"बसेल. तुटका भाग कोरून काढाया लागेल. सागवान द्या जुना, नवा नको."

"मग तुम्हीही चला. साहेबांना हे तुम्हीच समजावून सांगा."

निघण्याआधी शेवंतानं टोपली उघडली. घरून आणलेल्या स्टीलच्या ताटात पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं वाढलं आणि ताट दोन्ही हातांनी गुणाजीपुढे धरलं.

"जेवून घ्या भाऊ. माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते."

गुणाजीनं ताट घेतलं नाही. त्यानं आपली पिशवी गोळा केली, वाळूत पडलेली गंजी झटकून आत घातली, टेप घातली आणि फॉइलचं पुडकं मांडीवर उघडलं.

"चपात्या हायत ना माज्या. वाया जातील." तो एक घास चावत राहिला. मग म्हणाला, "पिशवी उघडलीत त्याचा राग नाय म्याडम. पन चार बॅगा अजून बंदच हायत."

शेवंता गाडीपाशी गेली, ताट टपावर ठेवलं आणि आपली बॅग उघडून वाळूत ओतली. इस्मतनं तिची आणली. स्वानंदनं त्याची. नागेशची शेवंतानं स्वतः उघडली.

साबणाच्या डबीत एक निळी फरशी निघाली. तिला अजून चिठ्ठी लावायची राहिली होती.