लोहाराचा नारळ

पुण्याच्या प्रदर्शनात चित्रं लागली, तर संयोगिताची शाळेतल्या चित्रकलेच्या तासातून सुटका होणार होती. मुलांचे डोंगर, सूर्य आणि झोपड्या तपासून तिचे डोळे विटले होते. सासऱ्यांचं, निवृत्त सुभेदार लालासाहेबांचं नाव पेपरात येणार होतं, कारण चित्रांतल्या गोष्टी त्यांच्याच. सासूबाईंना, लीलाबाईंना, चित्रांनी अडवलेली गच्चीलगतची खोली कुरडया वाळवायला परत मिळणार होती. म्हणजे तोटा कुणाचाच नव्हता.

लोहाराची गोष्ट लालासाहेबांनी ऐकली होती मणिपुरात सीमेवर असताना, पलीकडे ब्रह्मदेशातल्या गावात. एका बलदंड लोहाराला राजानं भिऊन सोनचाफ्याला बांधलं आणि जिवंत जाळलं. तो अजून भाजतोच आहे. म्हणून तिकडे लाल फडकं बांधून घरात नारळ टांगतात. आतल्या पाण्यानं त्याला गारवा मिळतो. पाणी आटलं की नारळ बदलायचा. फोडायचा मात्र नाही.

संयोगितानं चित्रात तो लोहार साताऱ्यात आणला. मागे अजिंक्यतारा, अंगावर निखारे. रंगवताना बघायला म्हणून खराखुरा नारळ शेजारी टांगला.

टेम्पो यायच्या सकाळी ती सुतळी आणायला खाली गेली. परतली तर कडेवर तिचं तान्हं घेऊन लीलाबाई खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटत होत्या.

"आत्या, फोडला?"

"मग? काम भायेर चाललंय. बिननारळाचं कुटं यश येतं व्हय?"

"मामांनी सांगितलेलं की, फोडायचा नाही म्हणून."

"त्यांचं काय घिऊन बसलीस! पर कसला नारळ आनलावतास गं? पानी च्यागत कडत निगालं. हात पोळला माजा."

लालासाहेबांनी तोंडाशी नेलेला तुकडा गुपचूप खिशात टाकला.

चित्रं गेली. जानेवारीची थंडी, तरी त्या खोलीची भिंत हाताला ऊन लागायची. जळक्या केसांचा वास जाईना. संयोगितानं नवा नारळ टांगला. दुसऱ्या दिवशी हलवून पाहिला. आत थेंब नाही. आणखी एक आणला. तोही कोरडा. मग ती दमली.

पुण्याहून प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला. "लोहार दाखवलाच नाहीत! नुसतं झाड आणि सुटलेले दोर. काय धाडस आहे, मॅडम."

खरं सांगावं, तर सुटका जात होती.

"हो," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात लीलाबाई भाकरी थापत होत्या. गॅस पेटवलेला नव्हता.

परातीतच, त्यांच्या तळव्याखाली, भाकरीवर तांबूस डाग उठले.

भाकरी टम्म फुगली.

"आत्या, मी चित्र परत मागवते."

"गप. तुजं काम झालं नव्हं? मग ऱ्हाऊ दे."

संयोगिताची शाळा सुटली. लालासाहेबांचा फोटो छापून आला. लीलाबाईंच्या वाट्याला काय आलं, ते घरात कुणी बोलत नाही. नातू रडला की त्या धावत जातात, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरतात, आणि पायानं पाळण्याला झोका देतात.