जाळीची उंची

पहिल्या हौदात एकशे साठ पिल्लं. त्यांतली एकशे एकवीस मेलेली, एकोणचाळीस जिवंत. दुसऱ्या हौदात एकशे साठ पिल्लं. मेलेलं एकही नाही. पाणी दोन्ही हौदांत गुडघाभर आणि एकाच विहिरीचं. खाद्य एकाच डब्यातलं. सगळ्या पिल्लांचे आईबापही एकच.

ही मोजणी मोजूनं तीनदा केली आणि तिन्ही वेळा आकडे तेच आले. मोजू हा देवखारीच्या मच्छीमार संस्थेचा यंत्रमानव. बगळ्यासारख्या काटकुळ्या पायांवर तो हौदांच्या काठानं फिरायचा, मासे मोजायचा, पाणी तपासायचा आणि विचारलं नाही तरी बोलायचा.

"तापमान सारखं," तो म्हणाला. "दोन दिवस ढग होते, म्हणून सौर बॅटरी उतरली. रात्री एक ते पाच हवेचा पंप बंद होता. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन (साखर विरघळावी तसा पाण्यात मिसळलेला, डोळ्यांना न दिसणारा) दोन्ही हौदांत सारखाच उतरला. लिटरला एक मिलिग्रॅम. एक रकाना मात्र रिकामा आहे. जाळीची उंची. तो माणसांनी भरायचा असतो."

"जाळी काल कोणी लावली? ऊर्मी, तूच ना?" कुमुदआत्यानं विचारलं.

"हो. नेहमीसारखीच," बारा वर्षांची ऊर्मी आत्याकडे न बघता म्हणाली.

कारण जाळी नेहमीसारखी नव्हती.

ही पिल्लं मागूर माशाची होती. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी चार जोड्या मिशा, रंग चिखलासारखा. देवखारीच्या तळ्यात एके काळी हा मासा भरपूर होता. पण गेल्या अकरा वर्षांत, म्हणजे २०५० सालापासून, तो कोणाच्या जाळ्यात आला नव्हता. मग मे महिन्यात दुधराम आजाला आटत आलेल्या डबक्याच्या चिखलात एक जोडी सापडली. शेजारच्या घरातला हा म्हातारा मच्छीमार. त्यानं ती जोडी ओल्या पोत्यात गुंडाळली आणि तीन तास चालत कुमुदआत्याकडे आणली. कुमुदआत्या मत्स्यशास्त्रज्ञ. तिनं पोतं उघडलं तेव्हा दोन्ही मासे जिवंत होते.

पिल्लं मिळवणं सोपं नव्हतं. मादीला संप्रेरकाची सुई टोचून काही तासांनी पोटावर हलका दाब दिला की तिची अंडी बाहेर येतात. नराचं तसं नसतं. त्याच्या शुक्रपेशी हव्या असतील तर त्याला मारून पोटातली ग्रंथी काढावी लागते. आत्यानं ते केलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. उबवणगृहाच्या भिंतीवर तिनं एक पाटी टांगली : "९ जून. या नराचे आभार."

त्यानंतर सात आठवडे ऊर्मीनं पिल्लं सांभाळली होती. आणि काल संध्याकाळी दुधराम आजा कुंपणाशी उभा राहून हसत म्हणाला होता, "आभाळ भरून आलं वं पोरी. मागूर पावसाच्या वासानं चालाले लागते. उद्या तुयी पिल्लं धानाच्या बांधीत शोधजो!"

ती थट्टा होती, पण खोटी नव्हती. मागूर बाजूच्या परांतल्या काट्यांवर जोर देत ओल्या जमिनीवरून खरोखर सरपटत भाताच्या शेतात शिरतो. ऊर्मी घाबरली. रोज जाळी हौदाच्या काठांवर, पाण्यापासून वीतभर वर ताणलेली असे. तिनं पहिल्या हौदाची जाळी खाली दाबली, पार पाण्यात दोन बोटं, आणि कडेनं विटा ठेवल्या. एका कोपऱ्यात विटा कमी पडल्या, तिथं जाळी फुगून वर राहिली. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि दुसऱ्या हौदाची जाळी होती तशीच राहिली.

सकाळी सगळ्यांत आधी तीच आली. पांढरी पोटं तरंगताना पाहून तिनं विटा काढल्या, जाळी ओढून बाजूला टाकली आणि मग आत्याला हाका मारल्या. 'जाळीनं मासा कसा मरेल?' ती स्वतःला समजावत होती. 'मासा तर पाण्यातच होता.'

"कारण कळलं नाही तर रोग धरून चालावं लागतं," आत्या हातमोजे काढत म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आणि रोगाचा संशय असलेली पिल्लं तळ्यात सोडत नाहीत. नाही तर सगळं तळं आजारी पडेल."

"मग त्यांचं काय करायचं?"

"उरलेली सगळी चुन्याच्या पाण्यात टाकून मारायची. दुसऱ्या हौदातलीसुद्धा."

"पण ती तर बरी आहेत!"

"बरी दिसतात, ऊर्मी. बाप आता नाही, आईनं पुन्हा अंडी दिली तरी नर कुठून आणू? मला काय हौस आहे का? पण नियम तो नियम. संध्याकाळपर्यंत कारण शोधू या."

मोजूनं मेलेल्या पिल्लांचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जंतू नाहीत, बुरशी नाही. "कारण अज्ञात," तो म्हणाला. "रिकामे रकाने : एक."

दुधराम आजाला बातमी कळली तसा तो आला. हौदाच्या काठावर उकिडवा बसला. "पोत्यात तीन तास पाण्याबिगर जगली वं यांची माय," तो म्हणाला. "अन् लेकरं पाण्यात मेली. हे कसं झालं?"

ऊर्मीनं मान वर केली. पाण्याबाहेर जगणारा मासा पाण्यात मेला. आणि जी एकोणचाळीस वाचली, ती सकाळी कुठं होती? जाळी फुगलेल्या त्या एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून.

तिचे कान गरम झाले. "आत्या, मी खोटं बोलले. जाळी नेहमीसारखी नव्हती. पाण्याखाली होती. दोन बोटं."

मोजूचा दिवा हिरवा झाला. "पहिला हौद, जाळीची उंची : उणे तीन सेंटिमीटर. दुसरा हौद : अधिक वीस. धन्यवाद. रिकामे रकाने : शून्य."

"तू गप रे!" ऊर्मी रडवेली होऊन म्हणाली.

आत्या मात्र तिच्याजवळ येऊन बसली. "मी रागावले आहे. पण तुझे आभारही मानते. दोन्ही एकदम होतं कधी कधी. आता डोळे पूस. जाळीचा संशय येणं हा पुरावा नाही. पुरावा गोळा करू या."

तिनं रंगकामाचा एक ब्रश पाण्याच्या पेल्यात बुडवला. ब्रशचे केस फुलासारखे पसरले. मग तो बाहेर काढला. केस एकमेकांना चिकटून टोक झालं.

"हे आहेत माशाचे कल्ले," ती म्हणाली. "पाण्यात पसरतात, तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन घेतात. बाहेर काढले की असे चिकटतात. म्हणून रोहू काठावर तडफडून मरतो. आता हे बघ." मेलेल्या एका पिल्लाची कल्ल्यांवरची पातळ त्वचा तिनं चिमट्यानं उचलली. आत लहानशी पोकळी होती आणि तिच्यात लाल, फांद्या फुटलेलं, मोहरीएवढं काहीतरी.

"झाड!" ऊर्मी पुटपुटली.

"झाडच. हे मागूरचं साहाय्यक श्वसनांग (कल्ल्यांच्या मदतीला असलेलं श्वासाचं जादा अंग). फांद्यांच्या आत कूर्चा असते, आपल्या कानाच्या वरच्या भागात हाताला लागते तशी. म्हणून हवेतही त्या चिकटत नाहीत, ताठ राहतात. मासा वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि तो या पोकळीत ठेवून त्यातला ऑक्सिजन वापरतो. आता सांग मोजू, एक लिटर हवेत ऑक्सिजन किती?"

"सुमारे दोनशे सत्तर मिलिग्रॅम."

"आणि चांगल्या, भरपूर हवा दिलेल्या पाण्यात?"

"लिटरला जेमतेम आठ. काल रात्री एक."

ऊर्मीनं मनात भागाकार केला. चांगल्या पाण्याच्या तीसपटीहून जास्त. "म्हणजे पाणी खराब झालं की ते वरच्या हवेवर जगतात. आणि मी..."

"आणि वर जाळी होती," आत्यानं वाक्य पुरं केलं. "मोजून बघू."

वाचलेल्या एकोणचाळीसपैकी दहा पिल्लं त्यांनी काचेच्या टाकीत सोडली. आधी पंपानं हवा दिलेलं पाणी. ऊर्मी दहा मिनिटं एकटक बघत राहिली आणि पिल्लू वर येऊन घोट घेऊन गेलं की वहीत एक रेघ ओढत राहिली. रेघा झाल्या एकवीस. मग दुसरं पाणी, उपकरणं धुण्यासाठी उकळून बंद पिंपात गार केलेलं. पाणी उकळलं की त्यातला ऑक्सिजन निघून जातो. तीच दहा पिल्लं, तीच दहा मिनिटं. रेघा ओढता ओढता तिचं बोट दुखायला लागलं. एकशे चौतीस.

"आता जाळी," आत्या म्हणाली. "क्षणभरच."

मोजूनं जाळीचा तुकडा पाण्याखाली दोन बोटांवर धरला. एकेक पिल्लू वर आलं, जाळीला नाक लावून ढुसण्या देऊ लागलं. दहाही. मिशा जाळीतून वर आल्या होत्या, तोंड मात्र येत नव्हतं.

"पुरे! काढ रे, काढ!" ऊर्मी ओरडली.

जाळी निघाली. दहा तोंडं वर आली, दहा बारीक बुडबुडे फुटले.

"सतरा सेकंद," मोजू म्हणाला. "कारण : श्वास कोंडणे. रोग : नाही."

दुधराम आजानं डोक्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. "मासा बुडून मरते हे मी सत्तर वर्सांत पयल्यांदा पाह्यलं," तो म्हणाला. मग ऊर्मीकडे वळला. "अन् थट्टा मी केली होती. माह्यावालीबी चूक लिव्ह त्या वहीत."

चुन्याचं पोतं न उघडताच परत गेलं. दुपारी तिघांनी मिळून तळ्याच्या काठाशी हापा (चारी बाजूंनी आणि खालून जाळीचा, पाण्यात उभा केलेला पिंजरा) बांधला. पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत तिथं राहणार होती. बगळ्यांपासून आणि चालत पळण्यापासून वाचवायचं, तर हाप्यावर झाकण हवंच. आजानं बांबूच्या कामट्यांची चौकट केली आणि झाकण पाण्यापासून वर ताणलं. ऊर्मीनं पट्टी लावून उंची मोजली. मग पुन्हा मोजली.

"आत्या, ही मोठी झाली की यांच्यातल्या नरालाही मारावं लागेल?"

"तळ्यात नाही. पावसाळ्यात मागूर धानाच्या बांधाशी स्वतः खड्डा करतो. मादी त्यात अंडी देते आणि नर राखण करतो. यांनी तळं आपलं मानलं, तर पुढच्या वर्षी माझी सुई नको आणि माझी सुरीही नको."

घरी जाण्याआधी ऊर्मी उबवणगृहात गेली. भिंतीवरच्या पाटीवर, आत्याच्या ओळीखाली, तिनं खडूनं लिहिलं : "३१ जुलै. या एकशे एकवीस पिल्लांचेही आभार."

रात्रभर पाऊस पडला. सकाळी सहा वाजता ती छत्री घेऊन तळ्यावर पोचली तेव्हा मोजू पाण्यात उभा राहून मोजत होता. त्यानं तिसरी मोजणी संपवली आणि ऊर्मीनं वहीत लिहून घेतलं :

जाळीची उंची : अधिक वीस सेंटिमीटर. पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन : लिटरला १.३ मिलिग्रॅम. हाप्यातली पिल्लं : १९९. जिवंत : १९९.